कावासाकी आजार: साठ वर्षं हुलकावणी देणारा विषाणू

संशोधनाला बसण्याआधी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक ठरलेला क्रम असतो. आधी आजार दिसतो, मग त्याचा जंतू सापडतो, मग औषध निघतं. पदवीला सूक्ष्मजीवशास्त्रात कॉखची गृहीतकं पाठ केलेली असतात, त्यामुळे हा क्रम जणू निसर्गनियमच वाटतो. लहान मुलांच्या कावासाकी आजाराचा इतिहास या क्रमात बसत नाही. आजार पहिल्यांदा नीट पाहिला गेला १९६१ मध्ये, चालणारं औषध मिळालं १९८४ मध्ये, आणि त्याचा जंतू अजूनही सापडलेला नाही. बहुतेक संशोधकांना वाटतं की त्यामागे एखादा विषाणू (किंवा एकापेक्षा जास्त विषाणू) असावा. पण ‘असावा’ आणि ‘आहे’ यांच्यामध्ये साठ वर्षांचं काम पडलं आहे, आणि नेट-पेटची तयारी करणाऱ्या कुणीही ते एकदा वाचावं असं मला वाटतं.

जानेवारी १९६१. टोकियोतल्या रेडक्रॉस रुग्णालयात तोमिसाकू कावासाकी हे बालरोगतज्ज्ञ काम करत होते. त्यांच्याकडे सव्वाचार वर्षांचा एक मुलगा आला. ताप उतरत नव्हता, डोळे लाल होते पण चिपडं नव्हती, ओठ फुटून रक्त येत होतं, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल, मानेत गाठ, अंगावर पुरळ, हातापायांना सूज. काही दिवसांनी बोटांच्या टोकांपासून कातडीची सालं निघाली आणि मुलगा आपोआप बरा झाला. कावासाकींनी त्याला घरी सोडताना कागदावर लिहिलं, ‘निदान अज्ञात’.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं हेच दोन शब्दांचं लेबल वाटतं. त्या काळात असं मूल आलं की स्कार्लेट फीवर किंवा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचा जरा वेगळा प्रकार म्हणून विषय संपवता येत होता, आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कल तसाच होता. लेबल लावून मोकळं झालं असतं तर केस फाइलमध्ये गेली असती. पुढच्या वर्षी तसंच दुसरं मूल आलं तेव्हा कावासाकींना आधीचं मूल आठवलं, कारण त्याचा प्रश्न सुटलेला नव्हता. १९६२ मध्ये त्यांनी सात मुलांची माहिती एका स्थानिक परिषदेत मांडली. फारसा प्रतिसाद मिळाला नाही. मग ते केसेस जमवत राहिले आणि १९६७ मध्ये ५० मुलांचा पेपर जपानी भाषेतल्या ‘अरेरुगी’ म्हणजे ॲलर्जी या नियतकालिकात छापून आला. ४४ पानांचा. पुरळ कुठे, कसं, कितव्या दिवशी, सगळं बारकाईनं लिहिलेलं. आज कुठलंही जर्नल एवढा लांब पेपर घेणार नाही, रिव्ह्यूअर पहिल्याच फेरीत ‘संक्षिप्त करा’ म्हणेल.

हा पेपर जपानीत होता, म्हणून जपानबाहेर तो जवळपास कुणी वाचला नाही. इंग्रजीत कावासाकींचा लेख आला १९७४ मध्ये, ‘पीडियाट्रिक्स’मध्ये. मधल्या काळात हवाईत होनोलुलूला मॅरियन मेलिश आणि रॅकेल हिक्स या डॉक्टरांना अगदी तशीच मुलं दिसत होती, आणि त्या आपल्या परीनं हाच आजार पुन्हा शोधत होत्या. मूळ १९६७ च्या पेपरचं पूर्ण इंग्रजी भाषांतर तर २००२ मध्ये छापलं गेलं, म्हणजे ३५ वर्षांनी. लिटरेचर रिव्ह्यू करताना आपण फक्त इंग्रजी पेपर चाळतो. तिथे काय निसटतं याची कल्पना यावी म्हणून हे सांगितलं.

त्या ५० मुलांच्या पेपरात एक निष्कर्ष असा होता की आजार आपोआप बरा होतो, मागे काही ठेवत नाही. इथून गोष्ट गंभीर होते.

त्याच रेडक्रॉस रुग्णालयात नोबोरू तानाका नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. १९६५ मध्ये त्यांनी अचानक दगावलेल्या एका मुलाचं शवविच्छेदन केलं. या मुलाला आधी हाच आजार झाल्याचं निदान होतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमनीत गुठळी सापडली. एवढ्या लहान मुलाला हार्ट अटॅक! तानाकांना संबंध दिसला, पण कावासाकी आणि इतर बालरोगतज्ज्ञ साशंक राहिले. एक केस म्हणजे योगायोगही असू शकतो, हा त्यांचा युक्तिवाद तसा चुकीचा नव्हता. पण त्यांनी पाहिलेली मुलं बरी होऊन घरी गेली होती. घरी गेल्यावर काय होतं हे त्यांच्या टेबलवर दिसत नव्हतं.

टोकियोच्याच सेंट ल्यूक रुग्णालयात ताकाजिरो यामामोतो यांना यातल्या एका मुलाच्या हृदयाचे ठोके बिघडलेले ऐकू आले. त्यांनी मग प्रत्येक मुलाचा ईसीजी काढायला सुरुवात केली. १९६८ मध्ये त्यांनी २३ मुलांची माहिती छापली, त्यातल्या ११ जणांचा ईसीजी नॉर्मल नव्हता. एक शवविच्छेदन वादात अडकतं, २३ पैकी ११ अडकत नाहीत. १९७० मध्ये जपान सरकारच्या पैशानं पहिलं देशव्यापी सर्वेक्षण झालं आणि त्यातून या आजारानंतर हृदयविकारानं अचानक गेलेल्या दहा मुलांची शवविच्छेदनं पुढे आली. वाद संपला. १९७५ मध्ये कुरुमे विद्यापीठाच्या हिरोहिसा कातो यांनी बरं होत आलेल्या २० मुलांची अँजिओग्राफी केली. १२ जणांच्या करोनरी धमन्यांमध्ये बिघाड दिसला, कुठे धमनी फुग्यासारखी फुगलेली. ही मुलं वरून ठणठणीत होती.

आता जुनी दप्तरंही उघडली गेली. बाळांमध्ये क्वचित दिसणारा ‘पॉलीआर्टरायटिस नोडोसा’ नावाचा एक जीवघेणा आजार पाठ्यपुस्तकांत होता. बेंजामिन लँडिंग आणि युनिस लार्सन यांनी दोन्हींच्या धमन्या मायक्रोस्कोपखाली शेजारी ठेवल्या, तर फरक करता येईना. बालरोगतज्ज्ञ जिवंत मुलं पाहत होते आणि पॅथॉलॉजिस्ट दगावलेली. आजार एकच, विभाग दोन, नावंही दोन. त्याही मागे जायचं तर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात सॅम्युअल गी यांनी १८७१ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाच्या करोनरी धमन्यांतले फुगवटे नोंदवले होते. म्हणजे आजार १९६१ मध्ये जन्मला नाही. इतिहासकार हॉवर्ड कुशनर यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे: अँटिबायोटिक येण्याआधी अशी मुलं स्कार्लेट फीवरच्या गर्दीत मिसळून जात असणार. पेनिसिलिननं स्कार्लेट फीवर बरा होऊ लागला, तेव्हा जी मुलं पेनिसिलिनला दाद देत नाहीत ती वेगळी उठून दिसली.

औषधाची गोष्ट थोडक्यात सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये पॉल इमबाख यांनी १९८१ मध्ये प्लेटलेट कमी होण्याच्या एका आजारात शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं होतं. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून एकत्र काढलेली अँटिबॉडी म्हणजे हे औषध. जपानमध्ये केन्शी फुरुशो यांनी तेच कावासाकीच्या मुलांना देऊन पाहिलं, तोच डोस, वजनाच्या दर किलोला रोज ४०० मिलिग्रॅम, पाच दिवस. १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा पेपर आला. १९८६ मध्ये बोस्टनच्या जेन न्यूबर्गर यांच्या गटानं अनेक रुग्णालयांत मिळून चाचणी केली. दोन आठवड्यांनी नुसतं ॲस्पिरिन मिळालेल्या ७८ पैकी १८ मुलांच्या धमन्यांत बिघाड होता, इम्युनोग्लोब्युलिनही मिळालेल्या ७५ पैकी फक्त ६ जणांच्या. इथली डिझाइन बघण्यासारखी आहे. सलाइन लावून खोटं औषध द्यायचा प्रकार केला नव्हता, पण एको वाचणाऱ्यांना कुठलं मूल कुठल्या गटातलं हे माहीत नव्हतं, आणि प्रत्येक एको किमान दोघांनी स्वतंत्रपणे वाचला. पूर्ण ब्लाइंडिंग शक्य नसेल तर निदान मोजणारा माणूस तरी आंधळा ठेवा, हे आम्हाला मेथडॉलॉजीच्या तासाला शिकवलं जातं, त्याचं हे उत्तम उदाहरण. १९९१ मध्ये एकाच वेळी दर किलोला २ ग्रॅम हा आजचा डोस ठरला. ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत दिलं तर धमन्या वाचण्याची शक्यता खूप वाढते. हे औषध नेमकं का काम करतं यावर अजून एकमत नाही.

आता मूळ प्रश्न. विषाणूचा संशय का? पुरावे सगळे आडून येतात. आजार मुख्यतः सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना होतो. अगदी तान्ह्या बाळांना क्वचित होतो, बहुधा आईकडून आलेल्या अँटिबॉडी असतात म्हणून. मोठ्यांना जवळपास होतच नाही, बहुधा तोवर सगळ्यांना तो जंतू भेटून गेलेला असतो म्हणून. ऋतूप्रमाणे आकडे वरखाली होतात. जपानमध्ये १९७९, १९८२ आणि १९८६ मध्ये मोठ्या साथी आल्या, १९८२ मध्ये एका वर्षात १५ हजारांहून जास्त मुलं. ताप आपोआप उतरतो आणि आजार सहसा पुन्हा होत नाही. हे सगळं संसर्गासारखं वागणं आहे. पण एका मुलाकडून शेजारच्या मुलाला लागलाय असं सरळ दिसत नाही. त्यामुळे साधारण मान्य झालेलं चित्र असं: जंतू सगळीकडे आहे, बहुतेक मुलांना तो साध्या सर्दीसारखा होऊन जातो, आणि थोड्या मुलांची प्रतिकारयंत्रणा, जनुकांमुळे, त्याच्यावर अति भडकते. जपानी वंशाच्या मुलांत, अगदी हवाईत वाढलेल्यांतही, हा आजार कितीतरी जास्त आहे. २००८ मध्ये योशिहिरो ओनोउची यांच्या गटानं आयटीपीकेसी या जनुकातला एक बदल त्याच्याशी जोडून दाखवला.

आरोपींची यादी मात्र लांबलचक आहे. रिकेट्सियासारखे जीव, घरातल्या धुळीतले माइट, त्वचेवरचा एक जिवाणू, एपस्टीन-बार विषाणू. १९८२ मध्ये अमेरिकेतून गालिचा धुण्याच्या शाम्पूशी संबंध असल्याचा अहवाल आला. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण त्यामागे रीतसर केस-कंट्रोल अभ्यास होता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर रेट्रोव्हायरसचा गाजावाजा झाला, १९९३ मध्ये स्टॅफिलोकोकसच्या विषाचा. प्रत्येक वेळी पहिला पेपर चांगल्या जर्नलमध्ये, मग दुसऱ्या प्रयोगशाळांत तेच सापडेना, मग शांतता.

यातली एक केस सविस्तर बघण्यासारखी आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या गटाला न्यू हेवन शहरातल्या लहान मुलांच्या नाकाघशाच्या जुन्या नमुन्यांत एक नवा करोनाव्हायरस सापडला. हे २००५ मधलं आहे, कोविडच्या पंधरा वर्षं आधीचं. (करोनरी आणि करोना या दोन्ही शब्दांत मुकुट आहे, धमन्या हृदयाला मुकुटासारख्या वेढतात म्हणून. पण हा नुसता शब्दांचा योगायोग.) त्या विषाणूचं एक बाळ कावासाकीचं निघालं, म्हणून त्यांनी जपून ठेवलेले नमुने काढले. कावासाकी झालेल्या ११ मुलांपैकी ८ जणांत विषाणू, आणि त्याच वयाच्या, त्याच काळातल्या २२ कंट्रोल मुलांपैकी फक्त एकात. पी व्हॅल्यू झकास. आमच्या जर्नल क्लबमध्ये हा पेपर ठेवला तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, झालं, सापडला.

जपान, तैवान आणि अमेरिकेतल्याच इतर गटांनी वर्षभरात तो शोधला. कुणालाही तसा संबंध मिळाला नाही. येलच्या गटानं काही लबाडी केली असं नाही. कंट्रोल नीट जुळवलेले होते. पण ११ मुलं म्हणजे किती कमी, आणि तीही एकाच गावातली. त्या काळात तिथे तो विषाणू फिरत असेल तर कुठलाही छोटा गट योगायोगानं भरून निघू शकतो. पी व्हॅल्यू त्या नमुन्यापुरतं बोलते, दुसऱ्या गावाबद्दल नाही.

याचा रोजच्या ओपीडीशी थेट संबंध आहे. लहान मुलांच्या घशात कुठला ना कुठला विषाणू असतोच, आणि कावासाकी झालेल्या बऱ्याच मुलांची श्वसनविषाणूंची पीसीआर पॉझिटिव्ह येते. मग डॉक्टर म्हणू शकतात, ॲडेनोव्हायरस सापडला, कारण कळलं, आता थांबू. आणि दहा दिवस निघून जातात. आपल्याकडे तर पाच दिवस ताप आणि पुरळ म्हटलं की गोवर, डेंग्यू, टायफॉइड अशी रांगच डोक्यात असते, सावळ्या कातडीवर पुरळ पटकन दिसत नाही, आणि अँटिबायोटिक आधीच सुरू झालेलं असतं. चंदीगडच्या पीजीआयमध्ये सुरजित सिंग यांच्या गटानं १९९० च्या दशकापासून या मुलांचा सातत्यानं पाठपुरावा केला, तेव्हा भारतात हा आजार ‘दुर्मीळ’ नसून न ओळखला जाणारा आहे हे ठळक झालं. दहा किलोच्या मुलाला २० ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन लागतं, आणि त्याचा खर्च सामान्य घराला झेपत नाही. त्यामुळे निदान उशिरा होणं इथे दुप्पट महाग पडतं.

विषाणूचा माग सोडला गेला नाही. शिकागोत ॲन रौली आणि स्टॅनफर्ड शुलमन यांनी दगावलेल्या मुलांच्या धमन्यांच्या भिंतीत आयजीए अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी पाहिल्या. आयजीए ही सहसा श्वासनलिका आणि आतड्याच्या अस्तराची अँटिबॉडी. मग त्यांनी त्या अँटिबॉडी प्रयोगशाळेत बनवल्या आणि त्यांनाच शोधकुत्र्यासारखं वापरलं. श्वासनलिकेच्या पेशींमध्ये काही गोळे रंगले, विषाणूच्या संसर्गात दिसतात तसे. मला ही युक्ती या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार वाटते, कारण जंतू माहीत नसताना शरीरानं त्याच्याविरुद्ध काय बनवलं तिथून उलटं जायचं. २०११ मध्ये झावियर रोदो, जेन बर्न्स आणि सहकाऱ्यांनी आणखी वेगळी दिशा धरली. मध्य आशियाकडून जपानवर वारे वाहतात तेव्हा केसेस वाढतात असं त्यांनी दाखवलं. आकर्षक आहे, पण सहसंबंधापलीकडे फारसं गेलेलं नाही, आणि मी त्यावर अजून पैज लावणार नाही.

मग २०२० उजाडलं. इटलीतल्या बर्गामोच्या रुग्णालयात १८ फेब्रुवारी ते २० एप्रिल या दोन महिन्यांत कावासाकीसारखी दहा मुलं आली. त्याआधीच्या पाच वर्षांत मिळून १९ आली होती. लंडनहून आठ मुलांचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये मे महिन्यात आला. शॉक, पोटदुखी, उलट्या, हृदयाचे ठोके मंदावलेलं पंपिंग, आणि बहुतेकांच्या अंगात कोविडच्या अँटिबॉडी. याला पुढे एमआयएस-सी नाव मिळालं. मुंबईतल्या २३ मुलांचा पेपर त्याच वर्षी ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये आला. तोमिसाकू कावासाकी ५ जून २०२० रोजी, ९५ व्या वर्षी गेले, म्हणजे हे अहवाल येऊ लागल्यावर काही आठवड्यांतच.

आधी वाटलं, हाच तो. पण फरक दिसत गेले. बर्गामोतली मुलं सरासरी साडेसात वर्षांची होती, आधीची कावासाकीची मुलं तीन वर्षांची. एमआयएस-सीमध्ये प्लेटलेट बऱ्याचदा कमी, कावासाकीत दुसऱ्या आठवड्यात चढलेल्या. आणि ज्या पूर्व आशियात कावासाकी सगळ्यात जास्त, तिथे एमआयएस-सी फारच थोडा. उलट जपान आणि कोरियात मास्क आणि शाळाबंदीच्या काळात कावासाकीच्या केसेसच घटल्या. श्वासातून पसरणाऱ्या जंतूचा संशय यामुळे बळावला, आणि तो जंतू सार्स-कोव्ह-२ नाही हेही त्यातूनच कळलं.

तरी एमआयएस-सीनं एक मोठी गोष्ट हातात दिली. इथे विषाणू माहीत होता, आणि घड्याळही. मुलं संसर्गानंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी आजारी पडत होती. तोवर अनेकांची पीसीआर निगेटिव्ह झालेली, फक्त अँटिबॉडी उरलेल्या. विचार करा, २०२० मध्ये ती साथ जगाला माहीत नसती आणि फक्त ही मुलं दिसली असती, तर घशातून स्वॅब घेऊन विषाणू सापडला असता का? कावासाकीत आपण नेमकं हेच करत आलो आहोत, आजाराच्या दिवशी स्वॅब. गुन्हेगार आधीच निघून गेला असेल तर ११ काय आणि ११०० काय.

आणि विषाणू माहीत असूनही यंत्रणा कळायला वेळ लागलाच. स्पाइक प्रथिनाचा एक भाग सुपरअँटिजेनसारखा वागतो असा तर्क २०२० मध्ये आला, काही मुलांत टी पेशींचा एक विशिष्ट गट फुगलेला मिळाल्यानं त्याला आधार मिळाला. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या कामात एमआयएस-सीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांत एसएनएक्स-८ या स्वतःच्याच प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. त्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनासारखा दिसतो. तुकडा जुळवता आला कारण विषाणूचा सगळा क्रम समोर होता. कावासाकीत तो क्रमच नाही, त्यामुळे तिथे जुळवाजुळव उलट्या टोकानं, मुलांच्या अँटिबॉडींकडून, करावी लागते. निदान मात्र अजूनही ताप, डोळे, ओठ, पुरळ, हातपाय आणि मानेतली गाठ बघूनच होतं, कावासाकींनी १९६७ मध्ये लिहून ठेवलेल्या यादीवरून.